यॉर्क फितूर होता का? टाउरोगेनचा करार कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा: "प्रशियाचा जनरल यॉर्क १८१२ मध्ये नेपोलियनच्या बाजूने रशियावर चालून गेला आणि हार दिसताच ३० डिसेंबरला टाउरोगेन इथे रशियनांना जाऊन मिळाला. मग जर्मन इतिहासात तो देशभक्त कसा? राजाने बडतर्फ करूनही त्याचं सेनापतिपद कसं टिकलं? दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा आहे."

आधी प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करू, नाहीतर पुढचं सगळं तिरकं जाईल. यॉर्क ३० डिसेंबरला रशियनांना "मिळाला" नाही. त्याने आपली फौज तटस्थ केली. टाउरोगेनचा करार हा बाजू बदलण्याचा कागद नाही. आपला राजा दोन्ही दारं उघडी ठेवू शकेल, अशी काळजी घेऊन लिहिलेला तो कागद आहे. त्यामुळे देशभक्त की फितूर यापेक्षा जास्त कामाचा प्रश्न असा: राजाचा हुकूम नसताना राजाची फौज युद्धातून बाहेर काढायचा अधिकार एका जनरलला कितपत होता, आणि ती त्याने कोणत्या सबबीवर काढली?

याचं उत्तर कोणत्या तारखेला उभं राहून प्रश्न विचारता, त्यावर बदलतं. ३० डिसेंबरला पाहिलं तर हा उघड हुकूमभंग आहे. जानेवारीत राजाने हात झटकलेला अपराध आहे. मार्चमध्ये तेच कृत्य निर्दोष ठरलेलं आहे. माणूस तोच, कागद तोच. अशा अधिकाऱ्यांची चरित्रं वाचताना मी तीन गोष्टी वेगळ्या काढतो: शपथ कुणाची, त्या दिवशी हुकूम कुणाचा, आणि फौजेचा शिधा कोण देतो. तिन्ही उत्तरं एकच असतील तर चरित्र सरळ असतं. यॉर्कच्या बाबतीत डिसेंबर १८१२ मध्ये शपथ प्रशियाच्या राजाची होती, हुकूम फ्रेंच मार्शल मॅकडोनाल्डचा होता, आणि शिध्यावरून नोव्हेंबरपासूनच यॉर्क आणि मॅकडोनाल्ड यांच्यात कडाक्याचं भांडण चालू होतं. (मॅकडोनाल्ड हे नाव वाचून त्याला इंग्रजांच्या बाजूचा समजू नका. घराणं मूळचं स्कॉटिश, माणूस पक्का फ्रेंच.)

आता पार्श्वभूमी, पण भराभर. १८०६ मध्ये येना-आउअरश्टेटला नेपोलियनच्या फौजांसमोर प्रशियाचं सैन्य मोडलं. जुलै १८०७ च्या टिल्सिटच्या तहात निम्म्याच्या आसपास मुलूख गेला. १८०८ च्या करारात सैन्य ४२,००० वर आणून ठेवलं गेलं. २४ फेब्रुवारी १८१२ ला नेपोलियनने राजा फ्रीड्रिश विल्हेल्म तिसरा याच्याकडून आणखी एक तह करून घेतला: रशियाच्या मोहिमेसाठी सुमारे २०,००० ची मदतफौज द्यायची. क्लाउझेविट्झसारखे काही अधिकारी यावर नोकरी सोडून रशियात गेले, बहुसंख्य मात्र जागेवरच राहिले. यॉर्क राहणाऱ्यांपैकी होता. फौजेचा प्रमुख आधी ग्रावेर्ट होता. ऑगस्टमध्ये तो आजारी पडला आणि सूत्रं यॉर्ककडे आली. ही फौज मॅकडोनाल्डच्या दहाव्या कोअरमध्ये (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांचा मोठा सैन्यविभाग), मुख्य सैन्यापासून दूर, बाल्टिकच्या बाजूला रीगासमोर होती. ती मॉस्कोला गेलीच नाही. त्यामुळे माघारीत बेरेझिना नदीवर मुख्य सैन्याची जी वाताहत झाली तिच्यातून ती वाचली आणि डिसेंबरात त्या टापूत रांगेत उभं राहू शकणारं जे थोडंफार सैन्य उरलं होतं, त्यात हिचा मोठा वाटा होता. तिचं मोल तिच्या आकड्यापेक्षा जास्त का ठरलं, ते यावरून कळेल.

यॉर्कचा स्वभाव कळल्याशिवाय पुढचं नीट लागत नाही. योहान डेव्हिड लुडविग फोन यॉर्क, जन्म २६ सप्टेंबर १७५९, पोट्सडॅम. घराणं पोमेरेनियाकडचं, छोटं, जमीनजुमला म्हणण्यासारखा नाही. वडील कॅप्टन. तेराव्या वर्षी सैन्यात भरती. बव्हेरियाच्या वारसायुद्धात लुटीत हात मारलेल्या वरिष्ठाबद्दल त्याने उघडपणे तिरस्कार दाखवला, त्याबद्दल वर्षभर किल्ल्यात कैद झाली आणि १७८० मध्ये नोकरी गेली. मग त्याने डचांची चाकरी धरली आणि स्विस 'म्यूराँ' रेजिमेंटमधून केप आणि तिथून पूर्वेकडे गेला. (हीच रेजिमेंट पुढे इंग्रजांकडे गेली आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपू सुलतानाविरुद्ध लढली. यॉर्क तोवर कधीच परतला होता. लेखात भारताशी धागा जोडायचा मोह झाला, तर एवढाच जोडा.) महान फ्रेडरिकने त्याला परत घेतलं नाही. फ्रेडरिक वारल्यावर, १७८७ मध्ये, नव्या राजाने घेतलं.

या सुरुवातीवरून तो बंडखोर होता असा निष्कर्ष बरेच लेख काढतात. तो चुकीचा आहे. यॉर्क कट्टर जुन्या वळणाचा राजनिष्ठ होता. प्रशियाचा सुधारक मंत्री श्टाइन याच्या सुधारणा, शेतकऱ्यांची मुक्ती, सरदारांचे हक्क कमी करणं, हे काहीच त्याला पसंत नव्हतं, आणि १८०८ मध्ये नेपोलियनच्या दबावाखाली श्टाइनला जावं लागलं तेव्हा त्याला आनंदच झाला. सैन्यात त्याला 'म्हातारा इझेग्रिम' म्हणत. इझेग्रिम म्हणजे जर्मन लोककथांमधला खडूस लांडगा. अशा माणसाने राजाला न विचारता परराष्ट्रधोरण बदललं, हा खरा पेच आहे. सुधारकांपैकी कुणी हे केलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं, आणि सैन्यही इतक्या मुकाट्याने मागे गेलं नसतं.

दुसरी गोष्ट त्याच्या धंद्याची. १७९९ पासून तो येगर रेजिमेंटचा प्रमुख होता. येगर म्हणजे बहुतेक वनरक्षक-शिकाऱ्यांच्या घरची पोरं. नळीत आटे पाडलेली बंदूक, गोळी चिंधीत गुंडाळून ठासून भरायची, त्यामुळे भरायला वेळ जास्त पण नेम दूरचा आणि पक्का. विरळ रांगेत लढताना दोघादोघांची जोडी असते, आणि दोघांनी एकदम बार काढायचा नाही, एकाची बंदूक कायम भरलेली राहिली पाहिजे. हे चुकलं की समोरच्या घोडदळाला नेमकी हवी ती फट मिळते. २६ ऑक्टोबर १८०६ ला एल्ब नदीकाठी आल्टनझाउनला यॉर्कने या येगरांच्या जोरावर फ्रेंच आघाडी थोपवून धरली आणि मागचं सैन्य नदीपार झालं. त्या वर्षी प्रशियाला मान वर करून सांगता येण्यासारखे जे मोजके प्रसंग होते, त्यातला हा एक. पुढे ६ नोव्हेंबरला ल्यूबेकमध्ये तो जखमी होऊन पकडला गेला. पिछाडी सांभाळत मागे हटणं, वेळ काढणं आणि अंतर मोजणं, ही त्याची खासियत होती. डिसेंबर १८१२ मध्ये तो नेमकं तेच करताना दिसतो.

आता मुख्य भाग. इथे नकाशा उघडा ठेवून वाचा, कारण सगळा युक्तिवाद अंतरांवर आहे. मिटाऊ (आजचं लाटव्हियातलं येल्गावा) ते टिल्सिट हे अंतर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. माघारीचा हुकूम पोचल्यावर मॅकडोनाल्ड पुढच्या तुकड्या घेऊन निघाला आणि यॉर्क मागची फौज घेऊन २० डिसेंबरला मिटाऊहून हलला. दोघांत अंतर पडत गेलं. २५ तारखेला कोल्टिन्यानीजवळ रशियन जनरल डीबिच आपलं घोडदळ घेऊन बरोबर त्या फटीत येऊन उभा राहिला. त्याच्याकडे दीड हजाराच्या आतच माणसं होती. यॉर्कच्या हाताखाली त्याच्या कितीतरी पट. मनात असतं तर एका सकाळच्या कामात त्याला ही फळी बाजूला सारता आली असती.

त्याने सारली नाही. बोलणी सुरू केली आणि कासवाच्या चालीने सरकत राहिला. कोल्टिन्यानी ते टाउरोगेन सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर, थंडीतही दोन दिवसांची मजल. २९ तारखेला तो टाउरोगेनमध्ये होता आणि तिथून टिल्सिट आणखी तीसेक किलोमीटर. टिल्सिटला मॅकडोनाल्ड २८ पासून त्याची वाट बघत बसला होता. म्हणजे "फौज तोडली गेली होती" ही सबब कागदावर खरी आणि जमिनीवर पोकळ होती. पण ती पोकळ सबबच कायद्याने गरजेची होती. वेढल्या गेलेल्या सेनापतीने शत्रूशी करार करून फौज वाचवणं त्या काळच्या लष्करी रिवाजात बसत होतं, आणि मोकळ्या सेनापतीने तेच केलं तर त्याचं डोकं जात होतं.

मग तो आठवडाभर थांबला कशाला? त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, राजाचा इशारा. त्याचा अधिकारी मेजर झायडलिट्झ बर्लिनला जाऊन २९ तारखेला परतला. स्पष्ट हुकूम त्याच्याकडे नव्हता, पण मनाईही नव्हती. दुसरी, रशियाची हमी. रीगाचा रशियन गव्हर्नर पाउलुची शरदापासून पत्रव्यवहार करत होता आणि त्याच्यामार्फत झारचं आश्वासन आलं होतं की प्रशियाला १८०६ पूर्वीची जागा मिळेपर्यंत शस्त्र खाली ठेवणार नाही. शिवाय सबब थोडी तरी भरीव हवी होती. ती क्लाउझेविट्झने आणली. तो आता रशियन गणवेशात डीबिचचा दूत होता. त्याने जे पत्र दाखवलं त्यात रशियन सेनापती विटगेनश्टाइनची मुख्य फौज लवकरच वाट अडवणार, असं वेळापत्रक होतं. यॉर्कने त्याला विचारलं की हे पत्र प्रामाणिक आहे का आणि ही फौज त्या तारखेला खरंच तिथे असेल का. क्लाउझेविट्झने पत्राच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली. फौज वेळेवर पोचेलच याची मात्र दिली नाही. यॉर्कला तेवढं पुरलं.

३० डिसेंबरला टाउरोगेनजवळच्या पोशेरून गावच्या गिरणीत सह्या झाल्या. गंमत म्हणजे रशियाच्या बाजूने बसलेले डीबिच, क्लाउझेविट्झ आणि डोना हे तिघेही जन्माने प्रशियाचेच. करारातल्या अटी अशा: यॉर्कची फौज मेमेल ते टिल्सिट आणि खाडीपर्यंतच्या प्रशियाच्याच पट्ट्यात मुक्काम करील आणि तो पट्टा तटस्थ राहील. राजाचा हुकूम येईपर्यंत फौज कुणाच्याच बाजूने लढणार नाही. राजाने "फ्रेंचांकडे परत जा" असा हुकूम दिला, तरी १ मार्चपर्यंत रशियाविरुद्ध शस्त्र उचलायचं नाही. राजाने किंवा झारने करार नाकारला, तर राजा सांगेल तिथे फौजेला जवळच्या वाटेने सुखरूप जाऊ द्यायचं. शेवटच्या दोन अटी पुन्हा वाचा. राजाने नकार दिला तर काय करायचं, हे करारातच लिहून ठेवलेलं आहे. पैशासाठी किंवा जहागिरीसाठी फुटणारा माणूस असा कागद लिहीत नाही. तो फुटतो आणि मोकळा होतो.

त्याच दिवशी त्याने राजाला पत्र लिहिलं: चूक झाली असेल तर माझं शिर आपल्या पायाशी आहे. हे नाटकी वाटेल, पण शिक्षा खरोखरच तीच होती. टिल्सिटला मॅकडोनाल्डबरोबर असलेला मासेनबाख यॉर्कचा निरोप मिळताच आपल्या प्रशियन तुकड्या घेऊन तिथून निघून आला. मॅकडोनाल्डकडे मुख्यतः ग्रांजाँची डिव्हिजन उरली आणि तो मागे हटला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात रशियन कोनिग्सबर्गमध्ये शिरले.

आता बडतर्फीचं कोडं. राजा तेव्हा पोट्सडॅममध्ये होता आणि बर्लिनमध्ये फ्रेंच सैन्य होतं. "शाबास" म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी कैदेत गेला असता. त्यामुळे त्याने करार नाकारला, यॉर्कच्या जागी क्लाइस्टला नेमलं, चौकशीचा हुकूम काढला आणि तो घेऊन मेजर नाट्समरला पाठवलं. विटगेनश्टाइनने नाट्समरला यॉर्कपर्यंत जाऊच दिलं नाही. झारकडे मात्र त्याला जाऊ दिलं, आणि त्याच्याजवळ झारसाठी मैत्रीचा निरोपही होता. राजा एका हाताने काय करत होता आणि दुसऱ्या हाताने काय, ते एवढ्यावरून कळतं. बडतर्फीची बातमी बर्लिनच्या वर्तमानपत्रात आली. यॉर्कने कोनिग्सबर्गच्या वर्तमानपत्रातून उत्तर छापलं की प्रशियात जनरलला वर्तमानपत्रातून हुकूम मिळत नसतात. हुकूम हातात पडला नाही, म्हणून पद सुटलं नाही. नियमावर बोट ठेवून नियम मोडायची ही कला त्याला चांगली साधली होती.

माझ्या मते यॉर्कचं खरं धाडस डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीत आहे, आणि बहुतेक लेख तिथे घाई करतात. ५ फेब्रुवारी १८१३ ला पूर्व प्रशियाच्या प्रतिनिधींची सभा कोनिग्सबर्गला भरली. ती भरवण्यामागे श्टाइन होता, झारचा मुखत्यार म्हणून आलेला. ज्याच्या जाण्याने यॉर्कला हर्ष झाला होता, तोच हा श्टाइन. यॉर्क सभेत गेला, बोलला, आणि २०,००० ची लांडवेअर, म्हणजे नागरिकांची फौज, शिवाय १०,००० राखीव, उभारायचा ठराव झाला. तटस्थ राहणं एक वेळ सबबीत बसतं. राजाला न विचारता त्याच्या प्रजेच्या हातात शस्त्र देणं कोणत्याच सबबीत बसत नाही. दरम्यान राजा जानेवारीअखेर ब्रेसलाउला, म्हणजे फ्रेंचांच्या हाताबाहेर, पोचला होता. २८ फेब्रुवारीला कालिशचा रशियाशी तह झाला, मार्चमध्ये चौकशीत यॉर्क निर्दोष ठरला आणि १७ मार्चला तो बर्लिनमध्ये शिरला.

तुलना करायचीच असेल तर ती त्याच काळातल्या जर्मनांशी करा. शिलने एप्रिल १८०९ मध्ये हुकुमाशिवाय आपली हुसार (हलक्या घोडदळाची) रेजिमेंट बर्लिनबाहेर काढून एकट्याच्या जिवावर युद्ध पुकारलं. महिन्याभरात तो श्ट्रालझुंडला मारला गेला आणि त्याचे अकरा अधिकारी वेझलला गोळ्या घालून मारले. त्याच्यामागे ना राज्य होतं ना मोठी फौज. सॅक्सनीचा थीलमान मे १८१३ मध्ये राजाने टोरगाऊ किल्ला फ्रेंचांना उघडायला सांगितल्यावर किल्ला सोडून नेपोलियनविरोधी दोस्तांकडे गेला. त्याची फौज त्याच्या मागे आली नाही. बव्हेरियाच्या व्रेडेने ८ ऑक्टोबर १८१३ ला रीडचा करार केला, तो मात्र राज्याच्या वतीने, त्यामुळे तिथे बाजू बव्हेरियाने बदलली. यॉर्क या तिघांच्या मध्ये कुठेतरी येतो: हुकूम नाही, पण फौज अखंड आणि राजाचं दार उघडं. "सगळेच बाजू बदलत होते" असं एका ओळीत लिहिलंत तर हे फरक पुसले जातील.

टाउरोगेननंतरचं आयुष्य लेखात आटोपशीर ठेवलं तरी चालेल, पण १६ ऑक्टोबर १८१३ सोडू नका. लाइपझिगच्या लढाईत मॉकर्न गावासमोर फ्रेंच मार्शल मार्मोंविरुद्ध त्याच्या कोअरने सुमारे २०,००० पैकी साडेपाच हजारांच्या आसपास माणसं एका दुपारी गमावली आणि शेवटी घोडदळ घालून गाव घेतलं. त्याआधी ३ ऑक्टोबरला वार्टनबुर्गजवळ एल्ब ओलांडली होती. त्यावरूनच १८१४ मध्ये 'काउंट यॉर्क फोन वार्टनबुर्ग' हा किताब मिळाला. म्हणून १८१२ च्या प्रसंगात त्याला हे पूर्ण नाव लावू नका. वरिष्ठ सेनापती ब्ल्यूशर आणि विशेषतः ब्ल्यूशरचा चीफ ऑफ स्टाफ ग्नाइझेनाऊ यांच्याशी त्याचं कधीच पटलं नाही. मार्च १८१४ मध्ये फ्रान्समधल्या लाँ इथल्या रात्रीच्या हल्ल्यानंतर पाठलाग थांबवला म्हणून तो चिडून गाडीत बसून निघालाच होता, समजूत घालून परत आणावं लागलं. १८२१ मध्ये फील्डमार्शल, ४ ऑक्टोबर १८३० ला सायलेशियातल्या क्लाइन-अल्स इथे मृत्यू.

लिहिताना जिथे हमखास पाय घसरतो त्या जागाही सांगतो. रशियन कागदांत तारीख १८ डिसेंबर दिसेल. तो जुन्या पंचांगाचा बारा दिवसांचा फरक आहे, वेगळा करार नव्हे. मॉकर्न दोन आहेत: ५ एप्रिल १८१३ ची लढाई माग्डेबुर्गजवळच्या मॉकर्नला, ऑक्टोबरची लाइपझिगजवळच्या, आणि यॉर्क दोन्हीकडे होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. वार्टनबुर्ग म्हणजे विटेनबेर्गजवळचं गाव, पूर्व प्रशियातलं त्याच नावाचं शहर नव्हे. नकाशावर टाउरोगेन आज लिथुआनियात तौरागे म्हणून सापडेल, टिल्सिट रशियात सोवेत्स्क, मेमेल क्लायपेडा. आणि 'यॉर्कचा मार्च' म्हणून जी बीथोव्हेनची धून वाजवली जाते, ती टाउरोगेनच्या विजयासाठी रचलेली नाही. ती १८०९ मध्ये बोहेमियाच्या लांडवेअरसाठी लिहिलेली, यॉर्कचं नाव तिला नंतर चिकटलं. लेखाची सुरुवात त्या धुनेने करायचा बेत असेल, तर तेवढी तारीख सांभाळा.